सेकंडहँड डिस्क, फर्स्टहँड आठवणी

सेकंडहँडच्या बाबतीत आपण मराठी माणसं जाम सिलेक्टिव्ह असतो. बाईक सेकंडहँड चालते. फ्लॅट रीसेलचा चालतो, उलट 'जुनं बांधकाम मजबूत असतं हो' असं कौतुकही होतं. पुस्तकं तर अप्पा बळवंत चौकातून जुनीच आणायची असतात. पण हार्ड डिस्क? 'छे! कुणी वापरली असेल, कधी बसेल, कोण रिस्क घेणार?' ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला सहज विचारून बघा. तुम्ही त्याला कुणाचा तरी वापरलेला टूथब्रश ऑफर केलाय, असा चेहरा करेल.

तर मंडळी, या आठवड्यात गप्पा त्या टूथब्रशच्या! म्हणजे डेटा सेंटरमध्ये चार-पाच वर्षं रात्रंदिवस फिरून रिटायर झालेल्या एंटरप्राइज हार्ड डिस्क, आणि त्या घरच्या सर्व्हरमध्ये बसवायचा उद्योग. हा उद्योग पुण्या-मुंबईच्या कुणा गीकच्या बेडरूममध्ये चाललाय असं समजू नका. तो चाललाय सायखेड्यात. नाशिक जिल्हा, निफाड तालुका, गोदावरीचा काठ. पलीकडच्या तीरावर चांदोरी, आजूबाजूला कांदा, द्राक्षं आणि ऊस, गावात पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार. आणि माझं आजोळ.

लग्न एक, जीबी पाचशे

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. तुम्ही म्हणाल, गावातल्या फोटोग्राफरला सर्व्हर कशाला हवा? जरा हिशेब करू. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने शूट केला तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत मिळून सहा तास रेकॉर्डिंग. झाले ५४० जीबी! त्यात ड्रोन धरलेला नाही. (हो, आता ड्रोनशिवाय सायखेड्यातही लग्न लागत नाही.) सीझनला अशी वीस लग्नं पकडा, म्हणजे दहा टीबीच्या वर गेलात. क्लाउडवर टाका म्हणणाऱ्यांनी एकदा गावातल्या इंटरनेटवरून ५४० जीबी अपलोड करून दाखवावेत. आणि मग त्याचं दरमहा भाडं, तेही आयुष्यभर!

इतकी वर्षं दादाची सिस्टिम सोपी होती. दर सीझनला एक नवी कोरी पोर्टेबल डिस्क घ्यायची, भरली की पाठीवर स्केचपेनने वर्ष लिहायचं आणि लोखंडी कपाटात ठेवून द्यायची. एक वर्ष, एक डिस्क, एक कॉपी.

मग आला ऑगस्ट २०१९.

नाशिककरांना पूर म्हटला की पहिला प्रश्न सुचतो, 'दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?' गुडघ्याला, कमरेला, छातीला... गोदाघाटावरचा तो मारुती म्हणजे अख्ख्या शहराची मोजपट्टी. पण शहराच्या घाटावरून पुढे गेलेलं पाणी खाली कुठेतरी पोचतंच ना! गंगापूर आणि दारणा या धरणांचं पाणी सोडलं की ते निफाड तालुक्यात उतरतं. पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा असतो. आपण वीकएंडला फ्लेमिंगो बघायला जातो ना, तोच. पाण्याला पुढे सरकायला वेळ लागतो, पुलाला पाणवेली अडकतात, आणि चांदोरी-सायखेड्याच्या बाजारपेठेत नदी शिरते. १९६९, २००८, २०१६, २०१९... इथल्या लोकांना ही वर्षं लग्नाच्या वाढदिवसासारखी पाठ आहेत.

२०१९ चं पाणी ओसरल्यावर दादाच्या दुकानात वेगळीच गर्दी सुरू झाली. लोक चिखलाने चिकटलेले अल्बम घेऊन यायला लागले. 'तुझ्याकडं असंल ना रे कम्प्युटरमधी?' हा एकच प्रश्न. घरातली भांडी धुऊन वापरता आली, गाद्या उन्हात टाकता आल्या. अल्बमची पानं मात्र सोडवायला गेलं की फोटोतला चेहराच निघून यायचा. कुणाच्या ध्यानीमनी नसताना दादा गावाची रेकॉर्ड रूम झाला होता.

बहुतेकांचे फोटो सापडले. एका मावशींचे नाही सापडले. त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी गेले होते आणि दोघांचा एकत्र असा धड फोटो पुतणीच्या लग्नातला, २०१४ चा. दादाने '२०१४' लिहिलेली डिस्क काढली, लावली. टक्... टक्... टक्. बस्स, एवढाच आवाज. ती डिस्क पुराच्या पाण्यात भिजलेली नव्हती. घेतली तेव्हा सीलबंद होती, शे-दीडशे तासही फिरली नसेल. कपाटात बसल्या बसल्या गेली. डेटा रिकव्हरीवाल्याने फोनवर जो आकडा सांगितला त्यावर दादाने 'बघतो' म्हणून फोन ठेवला. मावशी दोनदा येऊन गेल्या, मग यायच्या थांबल्या.

नवी डिस्क म्हणजे सेफ, या समजुतीतून मी त्या दिवशी बाहेर पडले. आणि मग शोध सुरू झाला.

५८ पूर्ण, शाल-श्रीफळ!

एंटरप्राइज डिस्क म्हणजे काय भानगड असते? आपल्या घरच्या पीसीतली डिस्क दिवसाचे काही तास चालेल असं धरून बनवलेली असते. एंटरप्राइज डिस्क २४ तास, ३६५ दिवस फिरायला बनवतात. शेजारच्या खोक्यात डझनभर डिस्क थरथरत असताना आपलं डोकं शांत ठेवायला तिच्यात व्हायब्रेशन सेन्सर असतात. वर्षाला ५५० टीबीपर्यंत वाचन-लेखन झेपेल असं रेटिंग आणि सहसा पाच वर्षांची वॉरंटी. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये तर हवेऐवजी हेलियम भरलेला असतो. हा प्रकार २०१३ मध्ये पहिल्यांदा बाजारात आला. हेलियम हलका, त्यामुळे तबकड्यांना विरोध कमी, वीज कमी, उष्णता कमी.

देशातल्या डेटा सेंटरचा मोठा वाटा आपल्या मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली या भागांत बाहेरून खिडक्या नसलेली जी प्रचंड खोकी दिसतात ना, तीच. तिथे जागा आणि वीज दोन्ही सोन्याच्या भावाने. त्यामुळे ८ टीबीची डिस्क ठणठणीत असली तरी त्याच कप्प्यात २० टीबीची बसत असेल, तर हिशेबनीस जुनीला निरोप देतो. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत कसं, ५८ पूर्ण झाली की शाल, श्रीफळ आणि भाषणं! माणूस धडधाकट असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पाच किलोमीटर चालून येतो. पण नियम म्हणजे नियम.

अर्थात सगळ्याच डिस्क बाजारात येत नाहीत. ज्यांचा डेटा नाजूक असतो, ते जुन्या डिस्क थेट भुगा करून टाकतात, आणि बरोबरच करतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या, तेव्हा त्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर निघाले होते. (तुमचा जुना लॅपटॉप विकण्याआधी हे वाक्य परत वाचा, प्लीज!)

लॅमिंग्टन रोडची वारी

ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे आपला लॅमिंग्टन रोड. दादा पहाटेच्या गाडीने आला होता आणि सोबत साक्षात मामा. मामांचं म्हणणं एकच, 'जुनी वस्तू ती जुनीच. बैल काय दात बघितल्याशिवाय घेतो का आपण?'

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या पोराने एक चकचकीत डिस्क पुढे सरकवली. 'सर्व्हर पुल है मॅडम, एकदम ओके माल.'

मामांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, 'तास किती झालेत हिचे?'

पोरगा चाट! मीही चाट!! कारण हाच या धंद्यातला पहिला आणि बरोब्बर प्रश्न आहे. मामांनी दोन सेकंडहँड ट्रॅक्टर घेतलेत. ट्रॅक्टरला किलोमीटर नसतात, तासांचं मीटर असतं. डिस्कलाही अगदी तसंच. प्रत्येक डिस्क स्वतःची एक डायरी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात 'पॉवर ऑन अवर्स' लिहिलेले असतात. पाच वर्षं अखंड चालली तर ४३,८०० तास. आमच्या हाती आलेल्या डिस्क पस्तीस ते बेचाळीस हजारांच्या घरातल्या होत्या.

दुसऱ्या दुकानात एकाने 'झिरो अवर्स' म्हणून दाखवली. मामा हसले. 'मीटर मागं फिरवलंय याने.' मामांना कुणीही सांगितलेलं नव्हतं, पण हे डिस्कच्या जगात खरोखर घडलंय. जानेवारी २०२५ मध्ये हाइझे या जर्मन तंत्रज्ञान प्रकाशनाने उघडकीला आणलं, की सीगेटच्या एक्सोस डिस्क नव्या म्हणून विकल्या जातायत आणि प्रत्यक्षात त्या हजारो तास वापरलेल्या आहेत. स्मार्टची डायरी पुसली होती, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी एक नोंदवही असते, तिथे खरे तास सापडले. आपण या डिस्क विकल्या नाहीत, असं कंपनीने सांगितलं. संशयाची सुई गेली चियाकडे. चिया म्हणजे २०२१ मध्ये गाजलेलं, डिस्कवरची रिकामी जागा वापरून चालणारं क्रिप्टो चलन. त्याचा फुगा फुटल्यावर डिस्कचे ढीगच्या ढीग बाजारात आले. म्हणजे बघा, प्रामाणिकपणे 'चाळीस हजार तास झालेत' म्हणून विकलेली डिस्क ही 'नवी' म्हणून गळ्यात मारलेल्या डिस्कपेक्षा कधीही बरी!

भावाचं म्हणाल, तर डिस्कचे दर सध्या माणसाळलेले नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांची भूक वाढल्यामुळे २०२५ पासून मोठ्या डिस्कना मागणी चढली, आणि त्याची झळ जुन्या बाजारालाही लागली. तरीसुद्धा घासाघीस करून आमचं गणित असं बसलं: चार नव्या डिस्कच्या पैशांत सहा जुन्या, प्रत्येकी ८ टीबी. सोबत पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. आणि मामांच्या आग्रहाने दोन वेगवेगळ्या दुकानांतून तीन-तीन. 'एका गोठ्यातली सगळी जनावरं घेऊ नये, एकाला रोग झाला की सगळ्यांना होतो.' टेक्निकल भाषेत यालाच 'एकाच लॉटच्या डिस्क टाळा' म्हणतात. एकाच दिवशी बनलेल्या आणि एकाच रॅकमध्ये झिजलेल्या डिस्क एकदमच मान टाकण्याची शक्यता जास्त असते.

चार दिवसांची परीक्षा

आता प्रॅक्टिकल फंडे. ज्यांना यात पडायचंय त्यांनी कात्री घेऊन हा भाग कापून ठेवावा!

पहिला फंडा: दिसायला सारख्या, पण जात वेगळी. एंटरप्राइज डिस्क दोन प्रकारच्या येतात, साटा आणि सॅस. साटा आपल्या साध्या मदरबोर्डला सरळ लागते. सॅस लागत नाही, तिला वेगळं एचबीए कार्ड घ्यावं लागतं. सॅस स्वस्त मिळते ती त्यामुळेच. त्यातही काही मोठ्या स्टोरेज मशीनमधून आलेल्या सॅस डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात. त्या आधी ५१२ वर आणाव्या लागतात, नाहीतर कॉम्प्युटर त्यांना ओळख देत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर सरळ साटा घ्या.

दुसरा फंडा: डिस्क फिरतच नाही, म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका. नव्या पद्धतीच्या एंटरप्राइज डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क झोपून राहते. डेटा सेंटरात लांबूनच डिस्क रीसेट करायची ती सोय असते. घरच्या जुन्या पॉवर सप्लायला हे शहाणपण माहीत नसतं, तो ३.३ व्होल्ट देतच राहतो. उपाय एकदम देशी: त्या पिनांवर कॅप्टन टेपची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या त्या पिवळट चिकटपट्टीची बारीक पट्टी लावायची. दादाने चिमट्याने लावली आणि डिस्क घुर्रकन जागी झाली.

तिसरा फंडा: डायरी नीट वाचा. स्मार्टमध्ये तीन आकडे आधी बघायचे. नंबर ५, म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर. नंबर १९७, म्हणजे सध्या संशयित असलेले. नंबर १९८, म्हणजे वाचताच न आलेले. तिन्हीकडे शून्य असेल तर पास. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा ती केबलची तक्रार असते.

चौथा फंडा: तोंडी परीक्षेवर भागवू नका, लेखी घ्या. डिस्कचा प्रत्येक कोपरा चार वेगवेगळ्या नमुन्यांनी लिहून आणि परत वाचून बघायचा. ८ टीबीच्या डिस्कला एका फेरीला बारा-तेरा तास, अशा आठ फेऱ्या. म्हणजे चार दिवस! या काळात माजघरातून इतका आवाज यायचा, की मामी म्हणाल्या, 'गिरणी टाकली का रं घरात?' तिसऱ्या दिवशी एका डिस्कच्या १९७ नंबरसमोर शून्याचे ४८ झाले. वॉरंटीत बदलून मिळाली. बाकीच्या पाच पास.

पास म्हणजे निर्धास्त का? अजिबात नाही! गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात असं दिसलं की स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते. म्हणजे डायरी उपयोगाची आहे. पण त्याच अभ्यासात हेही होतं, की बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या डायरीत चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती. रिपोर्ट नॉर्मल, पेशंट गेला! तुम्ही डिस्क नवी घ्या, जुनी घ्या, रिपोर्ट कितीही चांगला असो, एका डिस्कवर भरवसा ठेवायचा नाही. भरवसा ठेवायचा तो कॉप्यांवर.

आणि इथेच जुन्या डिस्कचं खरं अर्थशास्त्र कळतं. स्वस्त मिळाली म्हणून पैसे वाचवायचे नाहीत, वाचलेल्या पैशांतून आणखी एक कॉपी विकत घ्यायची. आमच्या सहापैकी चार डिस्क सर्व्हरमध्ये आहेत, जोडी-जोडीने. प्रत्येक फोटो दोन डिस्कवर लिहिला जातो, वापरायला जागा १६ टीबी. यंत्र म्हणजे एका ऑफिसने काढून टाकलेला जुना टॉवर, त्यावर फुकट मिळणारं ट्रूनॅस. त्याखाली झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम, जी प्रत्येक तुकड्याची बेरीज जपून ठेवते आणि दर महिन्याला सगळं वाचून ती जुळवून बघते. एका डिस्कवर काही सडलं असेल तर जोडीदाराकडून दुरुस्त करते. दुकानदार वर्षअखेरीला खतावणी जुळवतो, तशातलंच.

विजेचा हिशेबही सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. चार डिस्क आणि टॉवर मिळून साधारण ७० वॅट. चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ५० युनिट. म्हणून दोन-दोन टीबीच्या आठ डिस्क कवडीमोलाने मिळतायत म्हणून भुलू नका, बिल आठांचं येतं. आणि यूपीएस हवाच! गावात लाइट जाताना विचारून जात नाही.

नदी रेड मानत नाही

सर्व्हर सुरू झाला तेव्हा दादा खुश. 'आता दोन कॉप्या आहेत. आता टेन्शन नाय.'

मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, 'दोन्ही ह्याच घरात ना?'

बोलती बंद! सायखेड्यात धान्याची पोती कधी वर टाकायची हे मामांना कळतं. 'विसर्ग किती सोडला?' हे व्हॉट्सअॅपवर बघायचं, क्युसेकचा आकडा फुगायला लागला की पोती माळ्यावर, जनावरं उंचावर. जोडीने लावलेल्या डिस्क, म्हणजे तुमचं ते रेड, एका डिस्कच्या मरणापासून वाचवतं. पुरापासून नाही, चोरीपासून नाही, शॉर्टसर्किटपासून नाही. आणि दादाने चुकून एखादा फोल्डर डिलीट केला, तर तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने डिलीट होतो. एका छपराखालच्या दोन कॉप्या नदीच्या दृष्टीने एकच.

जगभरात यासाठी ३-२-१ चा नियम सांगतात: तीन कॉप्या, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम लोकप्रिय करणारे पीटर क्रोग हे कुणी कॉम्प्युटर इंजिनिअर नाहीत, ते अमेरिकन फोटोग्राफर आहेत. दादाला हे कळल्यावर तो नियम एकदम आपल्यातला वाटायला लागला!

म्हणून उरलेल्या दोन डिस्क सायखेड्यात राहतच नाहीत. त्यांच्यावर सगळ्या लग्नांची पूर्ण कॉपी आहे आणि त्या नाशिकरोडला आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, साड्यांच्या कपाटात असतात. महिन्यातून एकदा त्या फोममध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात बसून एसटीने गावी येतात, नव्या लग्नांची भर घालतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. जून ते सप्टेंबर हा फेरा पंधरा दिवसांनी. 'दोन प्रकारची माध्यमं' हे आमच्याकडे अजून पूर्ण जमलेलं नाही, पण प्रत्येक लग्नातले निवडक शंभर फोटो दादा आता क्लाउडवर टाकतो. तेवढं गावचं इंटरनेट झेपवतं. सर्व्हर स्वतः माळ्यावर गेलाय, पोत्यांच्या शेजारी. वायरी अशा लावल्यात की दहा मिनिटांत सुटतील.

आणखी एक नियम आम्ही आपला आपण केलाय. कॉपी घेतली म्हणून खुश व्हायचं नाही, ती उघडून बघायची. दर महिन्याला मामी डोळे मिटून एखाद्या लग्नाचं नाव सांगतात आणि दादा ते नाशिकच्या डिस्कवरून उघडून दाखवतो. मामींना याचा इतका नाद लागलाय की आता त्या दोन-दोन नावं सांगतात, आणि मग अर्धा तास 'ही बघ, ही तेव्हा किती बारीक होती!' चालतं. टेस्टिंगची टेस्टिंग, टाइमपासचा टाइमपास.

गेल्या हिवाळ्यात सहातली एक डिस्क गेली. मेली म्हणजे खरंच मेली, सकाळी स्क्रीनवर लाल खूण. बेचाळीस हजार तासांवर आमच्याकडचे तास धरून तिने भरपूर नोकरी केली होती. दादाने लॅमिंग्टन रोडवरून दुसरी मागवली, बसवली, रात्रभरात जोडीदाराने तिला सगळं शिकवून टाकलं. ना कुणी रडलं, ना कुठला रिकव्हरीवाला शोधला. २०१४ ची ती नवी कोरी डिस्क गेली तेव्हा एक फोटो कायमचा गेला. ही म्हातारी गेली तेव्हा एका लग्नाची एक फ्रेमसुद्धा गेली नाही. फरक डिस्कच्या वयात नव्हता.

त्या मावशींचा फोटो अजूनही मिळालेला नाही. पण दादाने हल्ली एक सुरू केलंय. लग्नात स्टेजवर गर्दी झाली की तो मुद्दाम खाली उतरतो आणि मांडवात खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांचे फोटो काढतो. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पैसे देत नाही. ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तीन कॉप्या.

आता तुमचं बघा. पहिला पगार, पहिली ट्रिप, आजीच्या हातच्या पुरणपोळीचा तो हललेला व्हिडिओ... सगळं कुठे आहे? 'फोनमध्ये आहे ना' असं उत्तर असेल, तर या रविवारचा मॉल कॅन्सल करा. डिस्क नवी घ्या की जुनी, तुमची मर्जी. फक्त दोन घ्या आणि दुसरी आईकडे नेऊन ठेवा. त्या निमित्ताने घरी तरी जाल, बॉस!